तीन पाय, बारा किलो

ट्रायपॉडला मराठीत शब्द नाही, असे नाही. शब्द पुष्कळ आहेत. पण ते सगळे आधीच कोणत्या ना कोणत्या कामाला लागलेले आहेत. 'तिवई' म्हटले की पाण्याची घागर किंवा पूजेचे साहित्य ठेवायची बुटकी बैठक आठवते. देवघरातल्या शंखाखाली असते ती 'अडणी', तीही बहुधा तीन पायांची. कोल्हापुरात 'तिकटी' म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. पापाची तिकटी तर कोल्हापूरबाहेरच्यांनाही ठाऊक असते. जुने स्टुडिओवाले या भानगडीत न पडता सरळ 'स्टँड' म्हणत. मी या लेखापुरता 'तिवई' हा शब्द घेते. तो घरगुती आहे, आणि ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे तिचे काम शेवटी तेच आहे : काहीतरी मौल्यवान आणि सांडण्याजोगे जमिनीपासून थोड्या उंचीवर, न हलता, धरून ठेवणे.

तीन पायांमागचे शास्त्र चूल मांडणाऱ्या बाईला भूमितीच्या पुस्तकाआधीच कळलेले असते. तीन दगडांवर भांडे कधी डुगडुगत नाही, मग जमीन कितीही उंचसखल असो. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. चौथा दगड आला की डुगडुग आली. परंतु न डुगडुगणे आणि न थरथरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिवई घेताना दुकानदार पहिलीची हमी देतो आणि आपल्याला हवी असते दुसरी. गेल्या वर्षी एक तिवई निवडण्यात मी जे काही महिने घालवले, त्यातला बराचसा काळ हा फरक समजून घेण्यात गेला.

कॅमेरा कोणता ते आधी सांगायला हवे. तो घडी घालता येणारा लाकडी फील्ड कॅमेरा आहे. चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर एका वेळी एकच चित्र घेतो. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये भाता. 'भाता' हा शब्द इथे अगदी अस्सल बसतो. केरळातल्या अलप्पुळा येथे गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात सुरू झालेले 'वागीश्वरी' कॅमेरे घडवणारे कुटुंब मुळात वाद्ये दुरुस्त करणारे होते. हार्मोनियमच्या भात्याकडून ते कॅमेऱ्याच्या भात्याकडे वळले. माझा कॅमेरा वागीश्वरी नाही, पण जात तीच. डोक्यावर काळे कापड घ्यायचे, दुधी काचेवर उलटे पडलेले चित्र पाहायचे, भिंग मागेपुढे करून ते रेखीव करायचे, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची पट्टी ओढायची आणि शटर दाबायचे. ही फिल्म नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे पंधरा पट मोठी असते. साध्या कॅमेऱ्यात जिथे दगडाचा नुसता करडा पोत येतो, तिथे हिच्यावर छिन्नीचा घाव येतो.

मला तो घाव हवा असतो, कारण मी वीरगळांची छायाचित्रे घेते. वीरगळ म्हणजे लढाईत, बहुतेक वेळा गावची गुरे सोडवताना, पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे शिलाहारकाळातले वीरगळ आहेत, त्यांवर चक्क जहाजांची लढाई आहे. कर्नाटकातल्या वीरगळांवर लेख पुष्कळ असतात. आपल्याकडचे बहुतेक मुके आहेत. कोण मेला, कोणासाठी मेला, हे त्या झिजलेल्या रेषांवरूनच ओळखायचे. आणि त्या रेषाही आता फार काळ राहणार नाहीत. कुठे शेंदराचे थर चढतात, कुठे जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट. कुठे दगड पाराच्या सिमेंटमध्ये कमरेपर्यंत बुडवला जातो. मी पाहिलेल्या दगडांपैकी काही दुसऱ्या खेपेला तिथे नव्हते.

म्हणजे तिवई हवी होती ती अशा कामासाठी. बाजारात 'सुवाह्य' आणि 'स्थिर' ही दोन्ही विशेषणे एकाच वस्तूला लावलेली सर्रास आढळतात. व्याकरण शिकवणाऱ्याला अशी जोडी पाहिली की शंका येते.

लार्ज फॉरमॅटच्या जुन्या मंडळींत एक ठोकताळा चालतो : तिवईचे वजन कॅमेऱ्याच्या दुप्पट असावे. घरात किंवा गाडीच्या डिकीत तो ठीक आहे. मी माझा हिशेब उलट्या बाजूने केला. डोंगरात मी स्वतः किती ओझे दिवसभर वाहू शकते? पंचेचाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी उत्तर दिले : बारा किलो. आता यातून वजाबाकी. कॅमेरा १.६ किलो. दोन भिंगे मिळून ०.७. सहा होल्डर, म्हणजे बारा फिल्म, १.२. काळे कापड, प्रकाशमापक, बारीक पाहायचे भिंग आणि सटरफटर ०.७. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. रिकामी पाठपिशवी १.८. डबा आणि पावसाळी जाकीट ०.८. बेरीज ९.८ किलो. तिवई आणि तिचे डोके या दोहोंसाठी उरले २.२ किलो. ठोकताळ्याप्रमाणे हवे होते ३.२. हा एक किलो कुठून आणायचा? पाणी कमी करता येत नाही. आमच्या भागातल्या डोंगरांत फेब्रुवारीनंतर टाकी आटलेली असतात. फिल्म कमी करता येतील, पण मग एवढे चढून जायचे कशाला?

हमाल घ्यावा, हे उत्तर सोपे आहे आणि त्याला मोठी परंपराही आहे. सॅम्युएल बोर्न १८६६ मध्ये हिमालयात गेला तेव्हा त्याच्या तांड्यात ऐंशीच्या आसपास हमाल होते. ओल्या कलोडियनच्या काचा, रसायने, तंबू आणि तिवई माणसांच्या पाठीवरून मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर पोहोचली. तितक्या उंचीवर पुढची वीस वर्षे कोणी छायाचित्र घेतले नाही असे म्हणतात. हमाल वाटेत पळून गेल्याच्या आणि त्यांना धाकाने पुढे हाकल्याच्या हकीकती बोर्नने स्वतःच निःसंकोच लिहिल्या आहेत. त्याची चित्रे अप्रतिम आहेत. पण ती पाहताना मला हटकून चौकटीबाहेरची माणसे आठवतात. दुसऱ्या टोकाला पॅरिसचा यूजीन अ‍ॅत्झे. अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचा, कॅमेरा, तिवई असे वीसेक किलोंचे ओझे तो स्वतः वागवत हिंडला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत. अर्थात पॅरिसला सह्याद्री नाही. अ‍ॅत्झेने काय टिपले? गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी खिडक्या, जिने, दारांवरचे कोरीवकाम, उद्याने. एका माणसाला ओझे घेऊन पायी किंवा बसने जिथे पोहोचता येईल ते सगळे.

साहित्याच्या वर्गात आपण अभिरुची, सत्ता, छापखाना, पाठ्यपुस्तके यांनी परंपरा कशी घडवली हे शिकवतो. चित्रांच्या बाबतीत वजन नावाची आणखी एक सत्ता आहे. जे रस्त्याकाठी आहे त्याची नोंद दहादा होते, जे चार तास चढून गेल्यावर आहे त्याची एकदाही होत नाही. आणि मग पुस्तकांतून असे वाटू लागते की वीरगळ रस्त्याकाठीच उभारत असत. माझ्या स्वतःच्या संग्रहातली पहिली साठेक चित्रे काढून पाहिली. साडेतीन किलोंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तिवईने घेतलेली ती सगळी चित्रे डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावरची निघाली. त्या तिवईने मला तसे बजावले नव्हते, पण निवड तिनेच केली होती.

तेव्हा वजन कमी करायचे हे ठरले. प्रश्न होता, स्थैर्य म्हणजे नेमके काय, आणि त्यातले किती वजनात आहे?

पुष्कळसे वजनात नाही, हे हळूहळू लक्षात आले. तिवईवर छापलेला 'भारक्षमता : १२ किलो' असा आकडा जवळजवळ निरर्थक आहे. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. शिवाय आपल्या दोन-अडीच किलोंच्या कॅमेऱ्याखाली तिवई कोसळेल ही भीती कोणाला नसतेच. भीती पिळवटण्याची असते. साध्या कॅमेऱ्यात आरसा फटकन वर उडतो आणि त्या धक्क्याने चित्र हलते; या कॅमेऱ्यात आरसा नाही, शटर भिंगातच असते आणि ते फार हळुवार चालते. शत्रू दोन. पहिला आपला स्वतःचा हात : चित्र रेखीव करून झाल्यावर आपण होल्डर घुसवतो आणि पट्टी ओढतो. त्या ओढीने तिवई किंचित पिळवटली आणि पूर्ववत झाली नाही, तर फिल्मवर येते ते आपण दुधी काचेवर पाहिलेले चित्र नसते. दुसरा वारा. ताणलेला भाता म्हणजे शीडच. तळापासून माथ्यापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून छिद्र f/३२ पर्यंत बारीक करावे लागते; सावलीतल्या दगडाला मग तिसरा हिस्सा सेकंद लागतो, लेण्यात कित्येक सेकंद, आणि एका सेकंदापलीकडे फिल्मची संवेदना मंदावत असल्याने मापकाने सांगितल्यापेक्षाही जास्त. एवढा वेळ वारा कशाला थांबेल? नाणेघाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सह्याद्रीच्या कडेवरचा वारा समजावून सांगायला नको.

पिळवटण्याला विरोध करते ती नळीची जाडी. पातळ पत्र्याच्या नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पत्रा तेवढाच ठेवून २८ मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटरची नळी घेतली तर ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो, वजन मात्र एक सप्तमांशानेच वाढते. हे गणित उलटेही चालते, आणि तिथेच घडीच्या तिवया मार खातात. पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. चार नळ्यांच्या पायात पहिली ३२ मिलिमीटरची असली तर शेवटची साधारण २२ ची असते, म्हणजे पहिलीच्या एक तृतीयांश ताठर. तीन नळ्यांचा पाय २५ वर थांबतो, म्हणजे निम्म्यावर. चार नळ्यांची तिवई पिशवीत छान मावते आणि विमानप्रवाशाला सोयीची असते. मला विमानाने जायचे नव्हते. तीन नळ्या.

मधला दांडा हा तिवईचा सर्वांत लाडका आणि सर्वांत निरुपयोगी अवयव आहे. तो वर केला की तीन पायांच्या डोक्यावर एक एकपायी काठी उभी राहते. तीन पायांचे सारे पुण्य तिथे संपते. वीरगळाच्या बाबतीत तो दुहेरी अडचणीचा. दगड बहुतेक अर्धा गाडलेला, जमिनीवर दोन-तीन फूट. त्याच्यासमोर कॅमेरा त्याच उंचीवर हवा, नाहीतर वीर वरून पाहिल्यासारखा आखूड दिसतो. पाय फाकवून तिवई खाली बसवायची तर मधला दांडा जमिनीला टेकतो. म्हणून दांड्याशिवायची घेतली. तिची पूर्ण उंचीही फार नको होती, काळ्या कापडाखाली तसेही वाकूनच पाहायचे असते. प्रत्येक पायाचा कोन मात्र स्वतंत्र बदलता यायलाच हवा. बारवेच्या पायऱ्यांवर एक पाय वरच्या पायरीला, दोन खालच्या, अशी ती उभी राहते तेव्हा तिला पाहून कोणालाही पाणी प्यायला उतरलेल्या शेळीची आठवण व्हावी.

उरला प्रश्न द्रव्याचा, आणि इथे माझे मन लाकडाकडे होते हे मान्य करते. जर्मनीतली बेर्लेबाख ही कंपनी १८९८ पासून आहे. ती अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या तिवया करते. क्रिकेटच्या यष्ट्या परंपरेने त्याच लाकडाच्या. लाकडाचा गुण असा की ते थरथर पोटात घेते. मी एक साधी परीक्षा करीत असे : दुधी काचेवर दूरच्या मनोऱ्याची कड रेखीव करायची, बारीक भिंग लावायचे, तिवईच्या पायाला टिचकी मारायची आणि कड किती वेळ थरथरते ते मनात मोजायचे. माझी अ‍ॅल्युमिनियमची तिवई 'तीन' म्हणेपर्यंत थरथरत राही. एका स्नेह्यांची लाकडी तिवई 'एक' पुरे व्हायच्या आत गप्प. कार्बन तंतूंची तिवई 'एक' आणि 'दोन' यांच्यामध्ये. पण लाकडी तिवई डोक्यासकट साडेतीन किलोंच्या आत येईना, आणि कार्बनची १.६ किलोंत बसली. वर सहाशे ग्रॅमचे तीन दिशांना स्वतंत्र कलणारे डोके. गोलकाचे डोके याहून हलके मिळते. पण ते एकाच पेचाने सगळ्या दिशांना एकदम मोकळे होते, आणि ज्या कॅमेऱ्यात एका अंगाची पातळी जमल्यावर दुसरी जमवायची असते तिथे हे म्हणजे एक मात्रा दुरुस्त करताना अख्खी ओळ मोडण्यासारखे आहे. एकूण २.२ किलो. लाकडाचा स्पर्श, पितळी पेच, ते सगळे सोडून द्यावे लागले. कार्बनची काळी नळी दिसायला छत्रीच्या दांड्यासारखी आहे. तिच्यावर प्रेम बसलेले नाही.

उणे पडलेला एक किलो मग जागेवरच मिळवायचा. पंचात दोन धोंडे बांधून तिवईच्या मध्याला टांगतात. मात्र गाठोडे अधांतरी राहिले तर वाऱ्यात लंबकासारखे झुलते आणि घात करते, म्हणून ते जमिनीला जेमतेम टेकलेले हवे. धोंडे डोंगरात फुकट असतात, वर वाहून न्यावे लागत नाहीत. इतकी उघड गोष्ट साडेतीन किलोंची तिवई विकणारे कधी सांगत नाहीत.

जमिनीचाही स्वभाव पाहावा लागतो. काळ्या कातळावर पोलादी अणी घसरतात, तिथे रबरी टाच बरी. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर खड्डेच एवढे की अणी आपसूक रुततात. सर्वांत फसवी काळी माती. वरून टणक दिसते, पण तिवई तीत दोन-तीन मिनिटे हळूहळू खचत राहते आणि रेखीव केलेले चित्र नकळत सरकते. पायांखाली चपट्या चिपा ठेवायच्या, आणि काही न करता थोडा वेळ थांबायचे. या थांबण्याला पर्याय नाही. तिरप्या उन्हात दगडावरच्या रेषा उठून दिसतात तो काळ सकाळी जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा, त्यातली पाच अशी जातात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ च्या एप्रिलमध्ये हाफ डोमचे चित्र घेतले त्या दिवशी त्याने बारा काचा नेल्या होत्या आणि त्या कड्यासमोर उभा राहिला तेव्हा दोन उरल्या होत्या. माझ्याही बारा फिल्म असतात. डोंगरातून उतरताना तीन-चार तशाच परत येतात. पूर्वी वाईट वाटे.

राहिली परवानगीची गोष्ट. केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याला बहुतेक ठिकाणी कोणी हटकत नाही, तिवई उभी करायची तर मात्र आधी रीतसर परवानगी काढावी लागते. तीन पाय टेकले की तुम्ही प्रवासी उरत नाही. वीरगळ बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत, त्यामुळे तिथे परवानगी गावाची. आणि गावाच्या लेखी तीन पायांचे यंत्र मांडून वाकून पाहणारे माणूस एकच : मोजणीवाले. गेल्या पौषात एका घाटवाटेच्या माथ्यावर (गावाचे नाव मुद्दाम देत नाही, दगड चोरीला जातात) मी चिपा ठेवून थांबले होते, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि बऱ्याच अंतरावर उभे राहिले.

"कोन्या गटाची मोजणी हाय, बाई?"

मोजणी नाही, या दगडाचा फोटो आहे, असे सांगितले. विश्वास बसला नाही. खालच्या गावात रस्त्यासाठी जमिनी गेल्या त्या वेळी असेच यंत्र आले होते. मी म्हटले, "बाबा, तुम्हीच बघा की." त्यांनी काठी दगडाला टेकवून ठेवली, पागोटे काढून हातात घेतले आणि काळ्या कापडात डोके घातले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच म्हणाले, "खाली डोकं वर पाय झालाय की ह्यो."

बाहेर आल्यावर त्यांनी तिवईचा एक पाय हाताने दाबून पाहिला, हलतो का म्हणून. मग डोंगराच्या सोंडेकडे बोट केले. वर त्यांच्या वावराच्या बांधात असेच दोन आहेत, एकावर घोडा आहे, म्हणाले. गाडी जात नाही. मी होल्डर मोजले. चार फिल्म उरल्या होत्या, पाणी एक लिटर. ऊन अजून तिरपे होते. तिवईची घडी घालून खांद्यावर घेतली.